पांढरं निशाण : रोमन छावणी आणि आपलं लष्कर

ग्वाल्हेरच्या 'लष्कर' भागाला हे नाव कसं पडलं, ते इथल्या शाळकरी पोरालाही सांगता येतं. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला, तो पुन्हा उठला नाही, आणि त्याचंच शहर झालं. गोष्ट इथवर सगळ्यांना माहीत आहे. पण तळाचं शहर होतं म्हणजे नेमकं काय होतं? हे समजून घ्यायला दोन हजार वर्षं मागे, रोमनांच्या छावणीत डोकावलं तर फार फायदा होतो.

दोन्ही छावण्यांचं वर्णन करणारे साक्षीदार बाहेरचे होते, हे आपलं नशीब. घरच्या माणसाला रोजच्या गोष्टी लिहाव्याशा वाटत नाहीत. रोमनांबद्दल लिहिलं पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. तो ओलीस म्हणून रोमला आला होता. शिंद्यांच्या तळाबद्दल लिहिलं थॉमस ब्रॉटन या कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने. दौलतरावांकडे असलेल्या ब्रिटिश रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा तो प्रमुख होता. १८०९ मध्ये फौज राजपुतान्यात फिरत असताना त्याने लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली.

आता दोघं काय सांगतात ते बघा. पॉलिबियस म्हणतो, फौज मुक्कामाला पोचण्याआधी काही अधिकारी पुढे जातात, जागा हेरतात आणि कॉन्सलचा तंबू जिथे लागायचा तिथे पांढरं निशाण रोवतात. बाकीची निशाणं जांभळट लाल. पांढऱ्या निशाणापासून चारही बाजूंना शंभर शंभर फूट मोजून सेनापतीचा चौक आखतात आणि मग रस्ते. नकाशा ठरलेला असल्यामुळे मागून येणारा शिपाई थेट आपल्या जागी जातो, जणू स्वतःच्या गावात शिरून घराकडे वळावं तसा.

ब्रॉटन म्हणतो, बिनीवाला फौजेच्या पुढे जातो आणि महाराजांची देवडी जिथे यायची तिथे लहानसं पांढरं निशाण लावतो. मग एकेका बाजाराची निशाणं येतील तशी लागतात, पण प्रत्येकाची जागा ठरलेली. दुकानांच्या दोन समांतर ओळी लागतात आणि त्यातून तीन-चार मैल लांबीचा एकच सरळ रस्ता तयार होतो.

कोणी कोणाचं पाहून केलेलं नाही. हजारो माणसं, जनावरं आणि धान्य दर मुक्कामाला नव्याने मांडायचं असेल तर एक मूळ बिंदू, एक मूळ रेषा आणि कायमचा क्रम लागतोच. बांधकामाच्या साइटवर काम केलेल्या कोणालाही हे पटेल.

फरक खूप आहेत. रोमन शिपाई मुक्काम एका रात्रीचा असला तरी खंदक खणायचा, तट घालायचा. तट आणि तंबू यांच्यात दोनशे फूट मोकळी जागा ठेवायचा, म्हणजे शत्रूचे बाण-भाले तंबूंपर्यंत पोचू नयेत. आपल्या तळाला असा तट नव्हता. पण त्यात सराफ होते, वाणी होते, बायकापोरं होती. मात्र खंदकापेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. पांढऱ्या निशाणाखाली जो बसलाय, त्याच्याकडे फौजेच्या पगाराचे पैसे कुठून येतात?

पॉलिबियसच्या काळात कॉन्सल दोन असत आणि त्यांची मुदत एक वर्षाची. रणांगणावर कॉन्सलची सत्ता जवळजवळ राजाची. पण धान्य, कपडे आणि पगार सेनेटच्या मंजुरीशिवाय मिळत नसे. छावणीत खजिना सांभाळायला क्वेस्टर हा वेगळा अधिकारी असे. शिपाई हा नागरिक, पायदळात त्याला सोळा मोहिमांपर्यंत चाकरी करावी लागे, आणि दहा मोहिमा केल्याशिवाय कोणाला राजकीय पद मिळत नसे. म्हणजे छावणी हलली तरी राज्य रोममध्येच राहायचं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी सोय होती ती दरकदारांची. सरदाराच्या पदरी फडणीस, चिटणीस, मुजुमदार असे कारभारी पेशव्यांकडून नेमले जात, म्हणजे हिशेबावर नजर राहावी. पण सरदार पुण्यापासून जितका लांब, तितकी ही नजर अधू. शिंदे तर थेट दिल्लीपर्यंत गेलेले. त्यांचं सरकार, दफ्तर आणि खजिना तंबूतच चालायचा. पगार थकला की शिपाई थेट सरदाराच्या राहुटीपुढे धरणं धरून बसायचे. ब्रॉटनच्या पत्रांत ही धरणी पुन्हा पुन्हा येतात.

रोमही या दुखण्यातून सुटला नाही, बरं का! इ. स. पू. १०७ मध्ये मारियसने भूमिहीनांना फौजेत घेतलं. म्हातारपणी जमीन मिळवून देईल तो आपला सेनापती, असं शिपायाला वाटू लागलं आणि इ. स. पू. ८८ मध्ये सुल्ला आपली फौज घेऊन रोमवरच चालून गेला. पुढे गृहयुद्धांत प्रजासत्ताक बुडालं. ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये निवृत्त शिपायांसाठी स्वतंत्र लष्करी खजिना काढला आणि त्यासाठी वारसाहक्कावर पाच टक्के कर बसवला. शिपायाचं म्हातारपण सेनापतीच्या मर्जीवर राहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

महादजी शिंद्यांनाही प्रश्न कळला होता. १७८४ मध्ये त्यांनी द ब्वाञला चाकरीत घेतलं. सुरुवात दोन पलटणींची, पुढे त्याचे कंपू उभे राहिले. पगार वेळेवर मिळावा म्हणून दोआबातला मुलूख जायदाद म्हणून नेमून दिला, त्याचा कारभार अलीगडहून चाले. पगार नियमित, कवायत कडक, आणि १७९० मध्ये पाटण आणि मेडता अशा दोन मोठ्या लढाया जिंकल्या. उपाय चोख होता. पण त्यात एक गोम होती. वसुली आणि पगार दोन्ही एकाच सेनापतीच्या हातात. ऑगस्टसने सेनापतीकडून काढून घेतलं तेच इथे सेनापतीला मिळालं.

१७९४ मध्ये महादजी वानवडीला वारले. द ब्वाञ युरोपला परतला, त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ मध्ये इंग्रजांनी युरोपियन अधिकाऱ्यांना फोडायला जाहीरनामा काढला आणि ऐन युद्धात पेराँ निघून गेला. दोआबाचा मुलूख गेला, म्हणजे पगारही गेला. तरी १ नोव्हेंबरला लासवारीला या पलटणी आपल्या युरोपियन अधिकाऱ्यांशिवाय लढल्या आणि गोलंदाज तोफांपाशीच मेले. खुद्द लेकने त्यांच्या झुंजीची तारीफ केली. शिपाई इमानी होता, व्यवस्थाच एका माणसावर टांगलेली होती.

या पार्श्वभूमीवर लष्करकडे बघा. सुर्जी-अंजनगावच्या तहाने उत्तरेतला मोठा मुलूख गेला, १८०५ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला परत मिळाला, आणि फिरायला आता रान उरलं नव्हतं. पांढरं निशाण एका जागी रुतलं आणि देवडीची राजधानी झाली. रोमन छावण्यांचीही शहरं झाली. इंग्लंडमधल्या चेस्टरच्या नावात 'कास्ट्रा' म्हणजे छावणी आहे, स्पेनमधल्या लेओनच्या नावात 'लीजन' आहे. पण ती सरहद्दीकडची ठाणी, राजधानी रोमच. आपल्याकडे राज्यच छावणीत राहत होतं, म्हणून छावणी थांबली तिथे राजधानी आली.

फौज मात्र उरली नाही. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी दोन लढाया हरलो. जानेवारी १८४४ च्या तहाने दरबारची फौज नऊ हजारांवर आणली गेली, तर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं कंटिंजंट दहा हजारांचं झालं. त्याचा खर्च दरबारने नेमून दिलेल्या मुलखातून निघणार होता. पगार आमचा, हुकूम त्यांचा!

त्या फौजेची मांडणी आज कुठे दिसते? लष्करच्या पत्त्यांत. हुजरात पूल म्हटलं की धन्याची खास हुजुरात आठवते. जिन्सी नाल्यात तोफखान्याची जिनसी, कंपूत कवायती पलटणी. चिटनीस की गोठ म्हणजे दरकदाराचा गोट, आणि खासगी बाजार म्हणजे राजघराण्याची खासगी. दाना ओलीतल्या 'ओली'त मराठी कानाला 'ओळ'च ऐकू येते, ब्रॉटनने पाहिली तशी दुकानांची. मराठीत आपण अजून 'त्यांचा कंपू', 'आतल्या गोटातली बातमी' म्हणतो, तेही याच घरातले शब्द.

म्हणून या साइटच्या वाचकांना एक विनंती. घरात जुनी खरेदीखतं, पावत्या, लग्नपत्रिका असतील तर त्यांवरचे पत्ते वाचा आणि मोहल्ल्यांची नावं जशीच्या तशी उतरवून ठेवा. नव्या कॉलन्यांच्या पत्त्यांत ती येत नाहीत. रोमन छावणीचा नकाशा पॉलिबियसने लिहून ठेवला म्हणून आपल्याला कळला. आपल्या तळाचा नकाशा अजून लोकांच्या तोंडी आहे, तो कागदावर यायला हवा.