रहिवास व सरकारी विधी महाविद्यालय-प्रवेश (अमेरिका)

अमेरिकेत विधिशिक्षण पदवीनंतरचे असून सरकारी विधी महाविद्यालये राज्यांच्या विद्यापीठांची असतात. अर्जदार त्या राज्याचा रहिवासी आहे की नाही, यावर शुल्क ठरते; काही ठिकाणी प्रवेशाची संधीही. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात राज्याच्या कायद्याने बाहेरच्यांचा वाटा ३५ टक्क्यांपुरता मर्यादित केला आहे. त्यामुळे टेक्ससबाहेरच्यांची चुरस मोजक्या जागांसाठी असते. मिशिगनसारख्या, सरकारी अनुदानावर फारसे न विसंबणाऱ्या संस्थांत मात्र स्थानिकांना मिळणारी शुल्कसवलत नाममात्र उरते.

रहिवास सिद्ध करण्यासाठी बहुधा १२ महिने सलग वास्तव्य आणि कायम राहण्याचा हेतू दाखवावा लागतो. हेतू हा पुराव्याने मोजायचा, ही यातली खरी गोम : नोकरी, करविवरण, वाहनपरवाना, मतदारनोंदणी असे दुवे जोडून तो ठरतो. निव्वळ शिक्षणासाठी आलेल्याचे वास्तव्य सहसा धरत नाहीत.

कनेक्टिकटमध्ये बाहेरून अर्ज करणारा संपूर्ण शिक्षणकाळ ‘बाहेरचा’च मानला जाई. व्लँडिस विरुद्ध क्लाइन (१९७३) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक घटनाबाह्य ठरवले. स्थानिकांना कमी शुल्क आकारण्याचा राज्यांचा अधिकार मात्र कायम ठेवला. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरील भारतीय विद्यार्थी साधारणतः बाहेरच्यांतच गणले जातात.