हातगाडीवाल्याच्या हाती चांदी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत विल्यम हार्डीमन नावाचा तरुण हातगाडी ढकलून पोट भरत असे. तो संध्याकाळच्या कलावर्गाला येऊ लागला आणि काही वर्षांत चांदीकामाचे नमुने घडवणारा नावाजलेला कारागीर झाला. त्याचा सोबती डब्ल्यू. ए. व्हाइट पुस्तकांच्या दुकानात नोकरीला होता. तोही धातुकामात रमला. त्यांना या वाटेला लावणारा चार्ल्स रॉबर्ट ॲश्बी हाही सोनार नव्हता. केंब्रिजमध्ये शिकलेला तो वास्तुशिल्पी होता.

यंत्रांनी कारागिराच्या हातचे काम काढून घेतले आणि कामातला आनंदही, हे इंग्रज विचारवंत जॉन रस्किन व विल्यम मॉरिस यांचे म्हणणे ॲश्बीच्या मनात रुतले होते. १८८८ साली अवघे ५० पौंड भांडवल आणि चारपाच माणसे घेऊन त्याने ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ हा कारागिरांचा संघ सुरू केला. धंद्यात मुरलेले लोक त्याने मुद्दाम फारसे घेतले नाहीत, कारण त्यांचे हात ठरावीक वळणाला सरावलेले असत. मग शिकायचे कसे? चुकत, तोडत, पुन्हा वितळवत. सोळाव्या शतकातला इटालियन सोनार बेनवेनुतो चेल्लिनी याचे सोनारकामावरचे ग्रंथ ॲश्बीने स्वतः इंग्रजीत आणले आणि १८९८ साली छापले, ते या कारागिरांसाठीच.

त्यांचे दागिने पाहिले की हा वेगळेपणा लगेच कळतो. हिऱ्यांचा लखलखाट नाही. चांदीवर हातोडीच्या बारीक खुणा तशाच ठेवलेल्या, निळ्याहिरव्या मिन्याचे काम, पैलू न पाडता नुसते गोलसर घासलेले चंद्रकांत आणि पिरोजे, वेडेवाकडे मोती. मोर हा ॲश्बीचा लाडका आकार. पिसारा फुलवलेल्या मोराची त्याची पदके आज संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. दागिन्याची किंमत खड्याच्या वजनावर नव्हे, तर घडणावळीवर ठरावी, हा त्याचा आग्रह होता आणि तो रास्तच होता.

या विचाराला आपल्याकडचाही एक धागा आहे. बेळगावात १८३२ साली जन्मलेले आणि मुंबईत डॉक्टरकी केलेले जॉर्ज बर्डवुड आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाच्या उभारणीत होते. १८८० साली त्यांनी भारतीय हस्तकलांवर ग्रंथ लिहिला आणि पिढीजात खेडूत कारागिराची थोरवी इंग्रज वाचकांपुढे मांडली. पुढे कलाअभ्यासक आनंद कुमारस्वामींच्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ या १९०९ सालच्या पुस्तकाला ॲश्बीने प्रस्तावना लिहिली. आपल्याकडे सोनाराचा मुलगा बापाच्या भट्टीपाशी बसून शिके. ॲश्बीकडे ना तो बाप होता, ना ती भट्टी. तरीही पगार, सोबत आणि चुका करायची मोकळीक मिळाली, तर परक्या घरातला हातही तयार होतो, हे त्याच्या गिल्डने दाखवून दिले. मला या प्रयोगाचे मोठेपण इथेच वाटते.

१९०२ साली गिल्डने लंडन सोडले. कारागीर आणि त्यांची बायकामुले मिळून सुमारे दीडशे माणसे ग्लॉस्टरशायरमधल्या चिपिंग कॅम्डेन या निवांत गावी आली आणि रेशमाच्या एका बंद गिरणीत कामाला लागली. गावकऱ्यांना ही शहरी मंडळी आधी खटकली. पण पोहण्याचा तलाव, नाटके, बँड, रात्रीचे वर्ग यांनी हळूहळू ओळख वाढली.

मात्र बाजार थांबला नव्हता. लंडनच्या ‘लिबर्टी’ दुकानाने १८९९ पासून ‘सिमरिक’ नावाची चांदी विकायला काढली. ती बर्मिंगहॅममध्ये बरीचशी यंत्रावर तयार होई, घाट मात्र हातकामाचा आणि दर कमी. गिऱ्हाइकाला फरक कळेना. हौसेखातर दागिने करून स्वस्तात विकणाऱ्या सुखवस्तू घरच्या मंडळींनीही भाव पाडले. लंडनमध्ये मंदी आली की कारागीर काही दिवस दुसरीकडे काम धरत; खेड्यात तशी सोय नव्हती. माल साठत गेला, कर्ज वाढले आणि १९०८ साली गिल्डची कंपनी गुंडाळावी लागली.

ॲश्बी धंद्यात हरला, यात शंका नाही. पण घडवलेली माणसे कामातून उठली नाहीत. बरेच जण कॅम्डेनमध्येच राहिले आणि आपापली कामे करू लागले. त्यांतला चांदीकार जॉर्ज हार्ट याने त्या जुन्या गिरणीतच आपले काम पुढे चालवले. त्याच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्या त्याच जागी आजही हातोडीने चांदी घडवतात.