वाघोबाच्या शिवेवरची घरं

जव्हारजवळच्या शिरपामाळावर येणारा पाहुणा शिवाजी महाराजांसाठी येतो. सुरतेच्या वाटेवर असताना १६६३ च्या अखेरीस महाराज इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना सामोरे आले, महाराजांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला, असं जव्हारात पिढ्यानपिढ्या सांगतात. पुढच्याच जानेवारीत सुरतेचं काय झालं, ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हा धडा मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला आणि अभिमानानं शिकवला. पण माळाच्या उतारावर राहणाऱ्या माणसाला या जागेचा आणखी एक इतिहास रोज दिसतो. घर आणि रान यांच्यातल्या कराराचा तो इतिहास मला पाठ्यपुस्तकात कधी सापडला नाही.

आमच्या पाड्याची शेवटची घरं संपतात तिथे एका ऐनाखाली सागाची फळी रोवलेली आहे. उंची कमरेइतकी. वरच्या टोकाला एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र. मध्ये वाघ, शेपटी पाठीवर वळवलेली, तोंड गावाकडे नाही तर रानाकडे. त्याच्या पायाखाली नाग. शेंदराचे इतके थर चढलेत की वाघाच्या अंगावरचे पट्टे डोळ्यांना दिसत नाहीत, बोट फिरवलं तरच लागतात. शेजारी जुन्या फळीचा कुजून उरलेला बुंधा आहे. नवी फळी बसवली तरी जुनी उपटायची नाही, तिनं आपल्या जागी माती व्हायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. हा वाघोबा. कुणी वाघदेव म्हणतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, सगळे त्याला नारळ फोडतात.

जव्हार संस्थानाच्या स्थापनेची कथा सगळ्यांना माहीत असते. जायबा मुकण्यांनी वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली, त्यानं हो म्हटलं, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला. त्यांच्या मुलाला, नेमशहाला, १३४३ साली दिल्लीच्या महंमद तुघलकानं राजा म्हणून मान्यता दिली. तिथपासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सहाशे वर्षं मुकणे घराण्याचं राज्य चाललं. कातड्याच्या कथेत जमिनीचा मालक ठरतो. फळीवरच्या वाघापाशी मालक कुणीच ठरत नाही, फक्त कुणी कुठवर यायचं ते ठरतं. वारल्यांच्या जमिनीवर राजे आले, साहेब आले, सावकार आले, पुढे वनखातं आलं. या सगळ्यांनी आपापल्या हद्दी आखल्या. वाघोबाची शीव मात्र जिथल्या तिथे राहिली.

त्याच्या जन्माची गोष्ट पाड्यापाड्यावर थोडी बदलते. माझ्या आजीनं सांगितली ती अशी. एका कुमारिकेला मूल झालं. ती कामाला जाताना त्याला घरी ठेवून जाई. पोर दिवसा पोर असे, पण आईची पाठ वळली की वाघ होई. आधी त्यानं कोंबड्या मारल्या, मग वासरं. गाव कुऱ्हाडी घेऊन आलं. आई मध्ये उभी राहिली. ती गावाला म्हणाली, याला शिवेवर जागा द्या आणि वर्षातून एकदा याचं याला द्या. मुलाला म्हणाली, तुझं तुला मिळेल, बाकीच्याला तोंड लावू नकोस. या गोष्टीत वाघाला कुणी मारत नाही आणि वाघ कुणाला शरण जात नाही. एक बाई दोन्ही बाजूंना शब्द द्यायला लावते. आजी ही गोष्ट भाकरी थापता थापता सांगायची. आईच्या बोलण्यापाशी आली की तिचे हात थांबायचे.

अभ्यासकांनीही आता या देवाची दखल घेतली आहे. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर भागांतली वाघोबाची ठाणी शोधून काढली. दीडशेच्या घरात भरली. त्यांचा लेख २०२१ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला आजीची गोष्टच पुन्हा ऐकल्यासारखी वाटली, कारण आईनं घडवून आणलेला समझोता त्यातही आहे. त्यांनी एक गोष्ट नेमकी पकडली आहे: वाघोबाला मानणारा माणूस बिबट्याला भीत नाही असं नाही. तो भितो, जनावर गेल्याचं दुःखही करतो. पण बिबट्यानं इथे असावं की नसावं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात येत नाही.

करार नुसता पूजेवर टिकत नाही, त्याला घरही तसं बांधावं लागतं. आमचं जुनं घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. गुरं बाहेरच्या गोठ्यात नसत, एकाच छपराखाली माणसांच्या शेजारी बांधलेली असत. शहरातून आलेले पाहुणे नाक मुरडत, पण त्या रचनेमागे शेकडो वर्षांचा अनुभव होता. दाराला आडणा लावला की वासरू, शेळी, कोंबड्यांची डालगी सगळं आत. रात्री दारात निखारे असत. अंधार पडल्यावर वाघाचं नाव घ्यायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं, हेही त्यातच आलं.

कुडाच्या फटीतून दुसरी जनावरं येत. कणगीतल्या भाताला उंदीर, उंदरांमागे धामण. धामण दिसली तर काठी उचलायची नाही, असा घरचा दंडक होता. ती म्हशीच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते हे मी लहानपणी सगळ्यांकडून ऐकलं. ते खोटं आहे, कुठलाच साप दूध पीत नाही. पण ती कणगी राखते हे शंभर टक्के खरं. खरी भीती मण्यारीची. ती रात्री फिरते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं दुखणं इतकं कमी की माणूस मुंगी असेल म्हणून कूस बदलतो. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात. पावसाळ्यात मुलांना बाजेवर घ्यायचं, अंथरूण झटकल्याशिवाय अंग टाकायचं नाही, हे नियम मृत्यूंनी शिकवलेले आहेत. भगताकडे नेण्यात वेळ गेला आणि माणूस गेला, अशी घरं मी मोजत नाही. आज जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात पेशंटला थेट नेलं जातं, बरोबर भगतही जातो. हा बदल माझ्या हयातीतला, आणि मला तो कुठल्याही राजाच्या गादीपेक्षा मोठा वाटतो.

परसात दुधी, घोसाळी, अळू, कडेला करांदे. करांद्यांवर साळिंदराचा डोळा. सकाळी माती उकरलेली आणि काळे-पांढरे काटे पडलेले, की पोरं ते काटे उचलायला धावायची. माकडं वाळकं नेत, एक चावा घेऊन टाकत. रानडुकरांचं काम वेगळं, ती एका रात्रीत नागलीचं वावर आडवं करतात. म्हणून भाद्रपदापासून वरकस जमिनीत माळे उभे राहत. चार मेढींवर बांबूचा सांगाडा, वर पेंढा, खाली धुमसतं ओंडकं. हाताशी गोफण आणि पत्र्याचा डबा. एका माळ्यावरून कूक आली की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की तो झोपला, हे सगळ्या डोंगराला कळे. माझ्या आईवडिलांचं अर्धं बोलणं लग्नाआधी म्हणे या कुकांतूनच झालं.

आता वाघाकडे येते. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये जिल्ह्यातल्या जनावरांत वाघ आहे. आज पालघरच्या या रानात तो नाही. आमच्या माणसांनी त्याला संपवलं नाही, हे मी ठामपणे म्हणते. मुंबईहून गुजरातेकडे आणि थळ घाटातून नाशिककडे १८६० च्या दशकात रेल्वे गेली, सागाला भाव आला, जंगल ही विकायची वस्तू झाली. १८७८ च्या वनकायद्यानं जंगलावर सरकारचा शिक्का बसला. शिकार हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा मान झाला, आणि आदिवासीला त्यात काम मिळालं हाकाऱ्याचं. ज्या देवाला तो शेंदूर लावत होता, त्यालाच डबे बडवत बंदुकीसमोर आणायचं. आदिवासीला कुणी विचारलं नाही. १९४५ साली वारली वेठीविरुद्ध उठले, गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली. बंदुकीपुढचा हाका हाही मला त्याच जातीचा जुलूम वाटतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबवली. उरला बिबट्या. फळीवरच्या पट्टेवाल्यानं त्यालाही सामावून घेतलं. आमच्याकडे दोघंही वाघच, आणि दोघांचाही देव एकच.

एका कार्तिकात मी पहाटे अंगण सारवलं आणि पाणी आणायला गेले. परत आले तर ओल्या सारवणावर पावलं उमटलेली. चार बोटं, मागे तीन फुगवट्यांची गादी, नखांची खूण नाही. कुत्र्याचं पाऊल असतं तर नखं दिसली असती. पावलं तुळशीला वळसा घालून कोंबड्यांच्या डालग्यापाशी थांबली होती, तिथे चारही पाय जवळजवळ, म्हणजे तो बसला होता. मग सरळ रेषेत कुंपणाच्या फटीकडे. डालग्याला धक्काही नव्हता. सासूबाईंनी पाहिलं, पदर सावरला, हात जोडले आणि म्हणाल्या, “राहू दे तो तुकडा. आज पुन्हा सारवू नको.” उन्हानं ते पाऊल वाळून कडक होईपर्यंत तसंच राहिलं.

दूर जुन्नरकडे याच जनावराचं काय झालं ते मुद्दाम सांगते. तिथे उसात राहणारे बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम झाली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आकडे आहेत: १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, मोहिमेनंतर ते सरासरी १७ झाले. ज्याला आपली वाट, आपलं पाणी, आपली माणसं माहीत होती, त्याला परक्या मुलखात टाकलं. आमच्या वाघबारशीत, म्हणजे वाघोबाच्या वर्षाच्या सणात, वाघाला हद्दपार करत नाहीत. अकोले-जुन्नरच्या महादेव कोळी गावांत त्या दिवशी गुराख्यांतला एक पोर वाघ होतो, बाकीचे त्याला दरडावतात, पुन्हा आमच्या शिवारात येशील का, आणि तो नाही म्हणत रानात पळतो. पण रान शेजारीच असतं, आणि पोर संध्याकाळी जेवायला घरी येतं.

आमच्याकडे वाघबारस आश्विन वद्य द्वादशीला, धनतेरशीच्या आदल्या दिवशी. घरटी तांदूळ गोळा होतात, कोंबडा, नारळ, शेंदूर. गुराख्यांचा मान पहिला, कारण वर्षभर रानाच्या तोंडाशी तेच उभे असतात. भगत गावातल्या प्रत्येक घराचं नाव घेऊन गुरं मोजून देवाच्या हवाली करतो. रात्री तारपा लागतो. वाळलेल्या दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य फुंकायला छातीत दम लागतो. आमच्याच तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांनी त्याचा आवाज देशभर पोचवला.

दिवाळी सरली की भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर माणसं निघतात. हल्ली काजू-आंब्याच्या वाड्यांमुळे आणि मोगऱ्यामुळे काही घरं टिकली आहेत, त्यांची कुंपणंही घट्ट आहेत. बाकीच्या पाड्यांवर म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुत्री उरतात. माळे रिकामे पडतात, डुकरांचं फावतं. बिबट्या कुत्र्यासाठी अंगणात येतो आणि कुकेला उत्तर देणारं दुसरं कुणी नसतं. करारातली आमची बाजू अशी लंगडी पडली आहे, हे मला फार लागतं. म्हणून जी माणसं मागे राहतात, त्यांनी एक ठरवलं आहे: अंधार पडायच्या आत सगळ्या पाड्याच्या शेळ्या दोनच मजबूत घरांत बांधायच्या, पाळीपाळीनं राखायच्या आणि रात्री नऊला एकमेकांना फोन करायचा. फोन उचलला नाही तर बॅटरी घेऊन दोघांनी निघायचं. यंदा वाघबारशीला भगतानं घरांची नावं घेतली, तेव्हा भट्टीवर लवकर गेलेल्यांचीही घेतली आणि त्यांची गुरं या दोन घरांच्या नावावर मोजली.