दहा बाय बाराची चव

आम्ही डोंबिवलीत राहतो, पण वर्षाचा मसाला अजून लालबागहूनच येतो. यंदा आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिची यादी घेऊन मी गेलो. ब्याडगी, संकेश्वरी, धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल आणि शेवटी, वेगळ्या पुडीत, तिरफळं. दुकानदाराने यादी वाचून विचारलं, "घाटावरचे की कोकणातले?"

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. म्हणजे घाटावरचेच. पण गावी आईने आमटीत ओलं खोबरं वाटून घातलं की चुलती हसते, "ह्ये काय कोकणातलं केलंय?" मग आमची चव नक्की कुठली? हा प्रश्न घेऊन मी आजीसमोर बसलो, आणि तिच्यामुळे गिरणगावाचा इतिहास वाचायला लागलो.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढची शंभर वर्षं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून माणसं येत राहिली. 'माणसं' म्हणजे बहुतेक पुरुष. बायको-पोरं आणि शेत गावाकडेच. चाळीच्या एका खोलीत गावकीचे दहा-पंधरा जण राहायचे, पाळीनुसार आळीपाळीने झोपायचे. त्यांच्या पोटाची सोय केली खानावळींनी. या खानावळींना ना पाटी, ना टेबलं. चाळीतलीच एखादी बाई स्वतःच्या खोलीत रांधायची आणि पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे.

माझी आजी त्यातलीच एक. परळला दहा बाय बाराची खोली, आजोबा गिरणीत, आणि जेवायला अठरा जण. तीन पाळ्या असल्यामुळे स्टोव्ह थंड व्हायचाच नाही. बाबा शाळेत जायच्या आधी गिरणीच्या गेटवर डबे पोचवायचे.

लग्न होऊन आली तेव्हा आजीला चपातीची सवय नव्हती. गावाकडे ज्वारीची भाकरी, चपाती सणाला. पण भाकरी तव्यावरून ताटात पडली तरच खरी. डब्यात तिचा पापड होतो. तेल लावलेली चपाती रात्रपाळीच्या सुट्टीपर्यंत मऊ राहते. दुसरं कारण रेशनचं. मुंबईत १९४३ पासून शिधावाटप सुरू झालं होतं. पुढे पीएल ४८० करारातून अमेरिकेचा गहू आला. दुकानात जे पोतं फुटेल, तेच ताटात. कोकणातल्या भात खाणाऱ्यांच्या आणि घाटावरच्या भाकरी खाणाऱ्यांच्या डब्यात अशी एकच चपाती येऊन बसली. ती कुणाची परंपरा नव्हती. गिरणीच्या भोंग्याने आणि रेशनकार्डाने लावलेली सवय होती.

तिरफळं आली शेजारच्या खोलीतून. तिथल्या मालवणच्या बाईंची खानावळ आजारपणामुळे बंद पडली, आणि त्यांचे चार गडी आजीकडे आले. त्यांना सुक्या खोबऱ्याचं कालवण उतरेना. बाईंनी खाटेवर बसल्या बसल्या आजीला बांगड्याचं तिखलं शिकवलं. मग घाटावरचे कुरकुरले. शेवटी आजीने मधला मसाला काढला. "दोन चुली कुठनं आणू? जागाच नव्हती," ती म्हणते. आमच्या घरची खास चव म्हणून मी मित्रांना ज्याची फुशारकी मारतो, ती जागेच्या टंचाईतून निघालेली तडजोड आहे.

या बायकांना वाणी माल उधार द्यायचा, पण व्याज जबर लावायचा. गोवा मुक्तिसंग्रामात लढलेल्या आणि गिरणी कामगारांत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. आजीपर्यंत ते पोचलं नाही. ती वाण्याच्याच वहीत राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार थांबला, तशी खानावळही थांबायला हवी होती. आजीने पाच महिने उधारीवर जेवायला घातलं. तिच्या दोन पाटल्या गहाण गेल्या, त्या सुटल्याच नाहीत. एकेक करत गडी गावी परतले. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. आजीची वहीही तशीच उघडी राहिली. एक जण मात्र सहा वर्षांनी उकड्या तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आला. पोतं ठेवलं आणि जेवायलाच बसला.

संपावरच्या पुस्तकांत गिरण्या, मालक, युनियन, जमिनी सगळं सापडतं. त्या अडीच लाखांपैकी कितीतरी जणांना रोज वाढणाऱ्या बायका ओळ-दोन ओळींत उरकतात. आजी नव्वदीला आली आहे, म्हणून हे आताच लिहून ठेवतोय.

मी हिंजवडीत नोकरी करतो आणि मेसचा डबा खातो. मेसवाल्या काकू मूळच्या बीडच्या. परवा पैसे पाठवताना त्यांना विचारलं, "काकू, गावाकडे भाजी अशीच करता?"

"छे! आंध्रची पोरं भात मागतात, यूपीच्या पोरांना शेंगदाण्याचं कूट चालत नाही. आता आमच्या घरातलेही असंच खातात. गावाकडचं तिखट माझ्या पोरीला सोसत नाही."

त्यांची खोली दहा बाय बारापेक्षा जरा मोठी आहे. डबे चाळीस.