पावणेआठला ऑफिस उघडतं

२८ मार्च १९७९, बुधवार. सकाळचे सात नुकतेच वाजून गेलेत. अमेरिकेच्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पहाटे चारपासून काहीतरी भयंकर बिघडलंय आणि आता आणीबाणी जाहीर झालीय. केंद्रातून सरकारी नियामक संस्थेच्या प्रादेशिक कार्यालयाला फोन लावला जातो. हे कार्यालय फिलाडेल्फियाजवळच्या किंग ऑफ प्रशिया नावाच्या उपनगरात आहे. फोन उचलते ती निरोप घेणारी आन्सरिंग सर्व्हिस. ती ड्युटी ऑफिसरच्या घरी फोन करते, पण तो ऑफिसला यायला निघालाय. त्याच्या वरिष्ठांच्या घरी करते, तेही निघालेत. पावणेआठच्या सुमाराला माणसं ऑफिसात येतात, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या अणुअपघाताची बातमी देशाच्या अणुनियामकाला तेव्हा कळते.

इथे कोणी झोपलेलं नव्हतं की कोणी कामचुकार नव्हतं. ऑफिस ज्या वेळेला उघडायचं, त्याच वेळेला उघडलं. रात्री-अपरात्री फोन आला तर काय, याची जी सोय नियमात होती, ती चाललीसुद्धा. फक्त ती सोय अशा सकाळसाठी केलेली नव्हती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे ऑन-कॉलचं वेळापत्रक असतं: रात्री तीनला सर्व्हर पडला तर कोणाचा फोन वाजणार, त्याने नाही उचलला तर पुढचा कोण. असली कागदपत्रं कोणी आवडीने वाचत नाही. पण थ्री माइल आयलंडचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा माझं लक्ष अणुभट्टीपेक्षा तिकडेच जास्त गेलं. सरकारी संस्थेच्या शाखांचे अंतर्गत नियम, म्हणजे फोन कोणी घ्यायचा, टिपण कोणाच्या सहीने वर जायचं, निरीक्षकाने कुठवर प्रश्न विचारायचे. जगातला सगळ्यात कंटाळवाणा विषय वाटतो ना? मग ओहायोतल्या एका निरीक्षकाची गोष्ट ऐका.

नियम पाळला का, आणि नियम बरोबर आहे का

अमेरिकेत १९७४च्या कायद्याने जुना अणुऊर्जा आयोग मोडला. अणुऊर्जेचा प्रसार करणारी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी संस्था एकच असणं लोकांना पटत नव्हतं. लक्ष ठेवायचं काम १९७५पासून न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, म्हणजे एनआरसीकडे आलं. मुख्यालय राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात आणि देशभर पाच प्रादेशिक कार्यालयं.

कामाची वाटणी कागदावर स्वच्छ होती. भट्टीचं डिझाइन सुरक्षित आहे का, परवाना द्यायचा का, हे मुख्यालयातला एक विभाग ठरवणार. दिलेल्या परवान्याप्रमाणे केंद्र चाललंय का, हे प्रादेशिक कार्यालयातले निरीक्षक बघणार. म्हणजे निरीक्षकाचा प्रश्न ‘नियम पाळला का’ हा. ‘मुळात नियम पुरेसा आहे का’ हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा. ज्याने कुठल्याही मोठ्या ऑफिसात काम केलंय त्याला ही रेषा ओळखीची वाटेल. अडचण एवढीच, की यंत्रं बिघडताना ही रेषा बघून बिघडत नाहीत.

२४ सप्टेंबर १९७७ला ओहायोत, लेक इरीच्या काठावरच्या डेव्हिस-बेसी केंद्रात एक झडप उघडली आणि उघडीच अडकली. दाब वाढला की वाफ सोडून द्यायची आणि मग आपोआप बंद व्हायचं, हे तिचं काम. ती बंद झाली नाही. भट्टीतलं पाणी त्या वाटेने निघून जात होतं, पण पाण्याची पातळी दाखवणारा काटा मात्र वर चढत होता. ऑपरेटरना वाटलं पाणी जास्त झालंय, म्हणून त्यांनी आणीबाणीत पाणी ढकलणारे पंप बंद केले. साधारण वीस मिनिटांनी कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि त्या वाटेवरची दुसरी झडप लावून गळती थांबवली. भट्टी तेव्हा जेमतेम नऊ टक्के क्षमतेवर चालू होती. नुकसान काही झालं नाही.

नुकसान न झालेल्या घटनेचं पुढे काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. अहवाल होतो, फाइल होते.

ओहायो ज्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं, ते शिकागोजवळ ग्लेन एलिनला होतं. तिथल्या जेम्स क्रेसवेल या निरीक्षकाकडे डेव्हिस-बेसीचं काम होतं, आणि त्याला ती फाइल बंद करवेना. ऑपरेटरनी पंप बंद का केले? काटा त्यांना फसवत असेल, तर त्याच कंपनीच्या भट्ट्या असलेल्या बाकीच्या केंद्रांतही तो फसवेल की! पण हा प्रश्न रेषेच्या पलीकडचा होता. कुठला नियम मोडलाय असं तो म्हणत नव्हता. तो म्हणत होता की चित्रच नीट कळलेलं नाही. क्रेसवेलने वर्षभराहून जास्त काळ पाठपुरावा केला. केंद्राच्या मालकांशी बोलला, भट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विलकॉक्सशी बोलला, स्वतःच्या वरिष्ठांशी बोलला. जानेवारी १९७९मध्ये त्याने टिपण पाठवलं, की परवान्यांच्या सुनावण्या घेणाऱ्या मंडळांना ही माहिती द्यावी. टिपण रीतसर मार्गाने, रीतसर वेगाने सरकू लागलं.

शेवटी तो मधल्या सगळ्या पायऱ्या ओलांडून थेट आयोगाच्या दोन सदस्यांना भेटला. पीटर ब्रॅडफर्ड आणि जॉन अहर्न. दोघांनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. तारीख होती २२ मार्च १९७९.

थ्री माइल आयलंडला सहा दिवस बाकी होते.

पहाटेचे चार

२८ मार्चला पहाटे तिथे तेच झालं. त्याच कंपनीची भट्टी, तशीच झडप, तशीच उघडी अडकलेली. काटा तसाच वर गेला आणि ऑपरेटरनी पंपांचं पाणी तसंच कमी केलं. फरक दोनच. भट्टी जवळजवळ पूर्ण क्षमतेवर होती, आणि झडप अडकल्याचं लक्षात यायला वीस मिनिटं नाही, दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागला. तोवर शंभराहून जास्त अलार्म वाजून गेले होते. भट्टीच्या गाभ्यातला साधारण अर्धा भाग वितळला, हे नंतर काही वर्षांनी आत कॅमेरा सोडल्यावर कळलं.

कंट्रोल रूममध्ये त्या झडपेचा एक दिवा होता. दिवा विझला म्हणजे झडप बंद, असं सगळे धरून चालले होते. खरं तर दिवा विझणं म्हणजे ‘बंद हो’ हा आदेश गेला, एवढंच. झडप बंद झाली की नाही, हे तो दिवा सांगतच नव्हता. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना हे वाचून कसंतरी होईल. रिक्वेस्ट पाठवली म्हणजे काम झालं असं समजणारे डॅशबोर्ड आपणही रोज बघतो.

आणि क्रेसवेल एकटा नव्हता. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतच बर्ट डन नावाच्या इंजिनिअरने फेब्रुवारी १९७८मध्ये लिहून दिलं होतं, की ऑपरेटरना पंप घाईने बंद करू नका असं कळवा. ते पत्र कंपनीच्या दोन विभागांमध्ये अडकलं आणि ग्राहकांपर्यंत पोचलंच नाही. म्हणजे माहिती होती. सरकारी कार्यालयात होती, खासगी कंपनीतही होती. तिला वर जायला जिना नव्हता.

बेसिकवाल्या प्रोफेसरांचा अहवाल

चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष जॉन केमेनी. नाव ओळखीचं वाटलं? १९६४मध्ये थॉमस कुर्ट्झ यांच्याबरोबर बेसिक ही प्रोग्रॅमिंग भाषा तयार करणारे गणितज्ञ ते हेच. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ज्यांनी दहा, वीस, तीस असे ओळींचे आकडे टाकून प्रोग्रॅम लिहिले, त्या सगळ्यांचा हा दूरचा पाहुणा.

ऑक्टोबर १९७९मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याचा सूर असा, की यंत्रं सुधारायला हवीतच, पण मूळ दुखणं माणसांच्या, संस्थांच्या मनोवृत्तीत आहे. नियमांचं पुस्तक जाड झालं म्हणजे सुरक्षितता वाढली असं नाही. निरीक्षक कंपनीनेच दिलेल्या कागदांवर फार विसंबतात, स्वतः तपासून बघणं कमी पडतं. आणि एका केंद्रात घडलेलं दुसऱ्या केंद्राला शिकवण्याची व्यवस्थाच नाही.

यानंतर शाखांचे नियम बदलले. मुख्यालयात चोवीस तास माणूस बसलेला असेल, आणि प्रत्येक केंद्रातून त्याला थेट फोन लागेल. गंभीर घटना तासाभरात कळवायची. १९७८मध्ये सुरू झालेली निवासी निरीक्षकांची योजना सगळ्या केंद्रांत नेली. म्हणजे निरीक्षक महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन जाणार नाही, तो तिथेच रोज कामाला असेल. मग नवा प्रश्न: रोज तिथेच असलेला माणूस तिथलाच होऊन गेला तर? म्हणून त्याची मुदत ठरली, कमाल सात वर्षं, मग दुसरीकडे. वरिष्ठांशी मतभेद असेल तर तो लेखी नोंदवायची आणि त्याला उत्तर मिळवायची रीतही घालून दिली. क्रेसवेलने जो जिना भिंत चढून पार केला, तो आता बांधून दिला होता.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं.

पुन्हा डेव्हिस-बेसी

मार्च २००२. तेच लेक इरीच्या काठावरचं केंद्र. तेच शिकागोजवळचं प्रादेशिक कार्यालय. भट्टी बंद ठेवून दुरुस्ती चालू असताना तिच्या झाकणात एक खड्डा सापडला. झाकण साडेसहा इंचांहून जाड पोलादाचं. बोरिक आम्ल मिसळलेलं पाणी बारीक भेगेतून वर्षानुवर्षं झिरपत होतं आणि त्याने ते पोलाद आरपार खाल्लं होतं. राहिलं होतं फक्त आतलं स्टेनलेस स्टीलचं अस्तर, सेंटीमीटरभरही जाड नाही. अस्तराचं काम गंज रोखणं. आतला दीडशे वातावरणांच्या आसपासचा दाब पेलायला ते बनवलेलं नव्हतं. तरी त्याने तो पेलला.

या वेळी निवासी निरीक्षक होते. चोवीस तासांचा फोन होता. जिनाही होता. मग?

खुणा होत्या. हवेतल्या किरणोत्साराची तपासणी करणाऱ्या यंत्राचे फिल्टर गंजाच्या कणांनी तुंबत होते, इतके की ते एक-दोन दिवसांआड बदलावे लागायचे. हवा थंड करणारी यंत्रं पुन्हा पुन्हा धुवावी लागत होती. हे निरीक्षकांना माहीत होतं. पण प्रत्येक गोष्ट वेगळी किरकोळ तक्रार म्हणून नोंदली गेली. एनआरसीने स्वतःची चौकशी केली तेव्हा जे निघालं ते वाचताना मी थांबले. डेव्हिस-बेसी ‘चांगलं चाललेलं केंद्र’ समजलं जात होतं. त्याच कार्यालयाखालची दुसरी काही केंद्रं बरीच अडचणीत होती, म्हणून वरिष्ठांचं लक्ष आणि माणसं तिकडे. इथल्या निवासी निरीक्षकांपैकी एक जागा काही काळ रिकामी होती.

त्याहून वाईट म्हणजे, अशा भेगा दुसरीकडे सापडल्यामुळे एनआरसीने २००१च्या अखेरीपर्यंत तपासणी मागितली होती, आणि डेव्हिस-बेसी बंद करायचा आदेशही लिहून तयार होता. पण कंपनीशी बोलणी होऊन तारीख १६ फेब्रुवारी २००२पर्यंत पुढे गेली. आयोगाच्या महानिरीक्षकांनी नंतर नोंदवलं, की कंपनीवरचा आर्थिक भार कमी करणं हे त्या निर्णयामागचं एक मोठं कारण होतं. पुढे २००५मध्ये कंपनीला एनआरसीने ५४ लाख ५० हजार डॉलरचा दंड केला.

१९७७मध्ये माणूस प्रश्न विचारत होता आणि नियम त्याला अडवत होते. २००२मध्ये नियम प्रश्न विचारायला मोकळीक देत होते, आणि विचारायला पुरेशी माणसं नव्हती. दोन्ही वेळा कागद व्यवस्थित होते.

आपल्याकडे

आपली अणुऊर्जा नियामक परिषद १९८३मध्ये स्थापन झाली. तिचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या तिच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या. परिषद पुरेशी स्वतंत्र आहे का, यावर आपल्याकडे वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. कायदा, स्वायत्तता, अध्यक्ष कोण नेमतं, हे सगळं महत्त्वाचं आहे.

पण हा इतिहास वाचल्यापासून माझे प्रश्न जरा खालच्या मजल्यावरचे झालेत. अणूच कशाला, अन्न, औषधं, कारखाने, बॉयलर, लिफ्ट, कोणत्याही खात्याला ते लागू पडतात. जिल्ह्याच्या कार्यालयात संध्याकाळी सातनंतर फोन कोण उचलतं? निरीक्षकांच्या मंजूर जागांपैकी किती भरलेल्या आहेत? निरीक्षकाला साहेबांचं म्हणणं पटलं नाही, तर त्याचं मत कागदावर राहतं की चहाच्या टपरीवर? एका तालुक्यातली घटना शेजारच्या तालुक्याला कोण कळवतं? आणि जिथे सगळं ठीक चाललंय असं म्हणतात, तिथे शेवटचं कोण, कधी गेलं होतं?

यातले बरेचसे प्रश्न माहिती अधिकाराच्या एका अर्जात, दहा रुपयांत विचारता येतात.