डॉक्सोरुबिसिनचे हृदयविष : एका उपपत्तीचा इतिहास

इटलीच्या आग्नेय भागातील आपुलिया प्रांतात कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातील अष्टकोनी किल्ला आहे. त्याच्या परिसरातील मातीत मिलान येथील फार्मितालिया या औषधसंस्थेच्या संशोधकांना तांबडे द्रव्य निर्माण करणारा एक सूक्ष्मजीव आढळला. त्या द्रव्यास, तेथे प्राचीन काळी नांदलेल्या दौनी जमातीवरून, डौनोमायसिन हे नाव मिळाले. फ्रान्समध्ये तेच द्रव्य स्वतंत्रपणे सापडले. तेथे त्यास रुबिडोमायसिन म्हणत. पुढे दोन्ही नावे जुळवून डौनोरुबिसिन हा शब्द सिद्ध झाला. दोन देशांचे दावे एका जोडशब्दात मिटावेत, ही गोष्ट परिभाषेच्या अभ्यासकास मौजेची वाटेल. १९६९ मध्ये या द्रव्याहून केवळ एका ऑक्सिजन अणूने अधिक असलेले दुसरे द्रव्य प्रसिद्धीस आले. एड्रियाटिक समुद्रावरून ते अॅड्रियामायसिन झाले. डॉक्सोरुबिसिन ते हेच.

अनेक प्रकारच्या कर्करोगांवर हे औषध गुणकारी ठरले; परंतु रोगमुक्त झालेल्या काही रुग्णांचे हृदय पुढे दुबळे होऊ लागले. १९७९ च्या एका पाहणीनुसार शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ५५० मिलिग्रॅम औषध पोटात गेलेल्यांपैकी, किंबहुना शिरेवाटे दिले गेलेल्यांपैकी, सुमारे ७ टक्के रुग्णांस हृदयविकार जडत असे; २००३ च्या फेरतपासणीत हेच प्रमाण २६ टक्के आढळले. म्हणजे ज्या मर्यादेस वैद्य सुरक्षित मानीत, ती तशी नव्हती.

या विषाचे कारण काय? १९७० नंतरच्या दशकात उत्तर तयार होते. औषध पेशीत ऑक्सिजनपासून अतिक्रियाशील मुक्तमूलके निर्माण करते, लोह त्यास साहाय्य करते आणि त्यांना आवरणारी यंत्रणा हृदयात तुटपुंजी असते, असे ते उत्तर. प्राण्यांवरील प्रयोग त्यास अनुकूल होते. मात्र मुक्तमूलकांचा नाश करणारे ई जीवनसत्त्व रुग्णांस देऊनही हृदय वाचेना. याउलट डेक्सराझोक्सेन हे औषध हृदयाचे रक्षण करी. ते लोह बांधून ठेवते, एवढ्यावर जुन्या उपपत्तीचे समाधान झाले.

वास्तविक दुसरा धागा १९८४ पासूनच हाती होता. डीएनएचे दोन्ही धागे कापून, पीळ सोडवून ते पुन्हा सांधणारा टोपोआयसोमरेज-२ नावाचा विकर आहे. डॉक्सोरुबिसिन त्याला कापणी झाल्यावर सांधणीपूर्वीच जखडून ठेवते, असे तेव्हा दाखविण्यात आले. कर्कपेशी मरते ती मुख्यतः यामुळे. या विकराचे आल्फा व बीटा असे दोन प्रकार आहेत. विभाजन पावणाऱ्या पेशींत आल्फा विपुल असतो. प्रौढ हृदयस्नायूच्या पेशी सहसा विभाजन पावत नाहीत, तेथे बीटाचेच प्राबल्य. २०१२ मध्ये ह्यूस्टन येथील संशोधकांनी हृदयपेशींतून बीटाचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. डॉक्सोरुबिसिन देऊनही त्यांचे हृदय बऱ्याच अंशी सुरक्षित राहिले. बीटा शाबूत असलेल्या उंदरांत मात्र डीएनए तुटले आणि पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांची जनुके मंदावली. मुक्तमूलके दिसत होती ती खरीच. पण या प्रयोगाच्या प्रकाशात ती बव्हंशी बिघाडाचे फलित ठरतात.

डेक्सराझोक्सेनचे कोडेही यातून सुटू लागले. ते बीटा विकराशी संलग्न होते आणि हृदयपेशींतून त्याचा ऱ्हास घडवून आणते. डॉक्सोरुबिसिनला जखडण्याजोगे मग फारसे उरत नाही. जे औषध अमेरिकेत १९९५ पासून मान्य होते, त्याच्या गुणाचे हे स्पष्टीकरण अशा रीतीने बरेच उशिरा पुढे आले.