एक चाप, दोन नळ्या : हलके काडतूस आणि न उडणारा दुसरा बार

दुनळी बंदुकीचा पहिला बार उडतो. दुसऱ्यासाठी चाप ओढला जातो आणि काहीच घडत नाही. हलक्या वजनाच्या, एकच चाप असलेल्या बंदुकीत कमी धक्क्याची काडतुसे वापरणाऱ्यांना हा अनुभव येऊ शकतो. अशा वेळी दोष काडतुसाच्या दर्जाचा असेलच असे नाही. पुष्कळदा त्याचे मूळ चापाच्या रचनेत असते.

चापाची रचना

दोन चापांच्या जुन्या दुनळीत प्रत्येक नळीची यंत्रणा स्वतंत्र असते. तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. एक चाप आला तेव्हा निराळीच अडचण पुढे आली. धक्क्याने बंदूक मागे सरकते, बोटाची पकड क्षणभर सुटते आणि नकळत चाप पुन्हा दाबला जातो. त्यामुळे दोन्ही बार एकदम उडण्याचा धोका निर्माण झाला. लंडनच्या बॉस या कारखान्याने १८९४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत ही मधली, नकळत होणारी ओढ निष्फळ केली होती.

आजच्या अनेक बंदुकांत हे काम जडत्वावर चालणारा एक लहानसा ठोकळा करतो. बंदूक झटक्याने मागे येते तेव्हा तो जागीच मागे राहतो आणि त्या क्षणी चाप निष्क्रिय होतो. झटका ओसरल्यावर चाप दुसऱ्या नळीशी जोडला जातो. बेरेटाच्या ६८ मालिकेत ही पद्धत आढळते. काही बंदुकांतील यांत्रिक चापाला मात्र दुसऱ्या नळीकडे वळण्यासाठी धक्क्याची गरज नसते.

धक्का कमी पडतो तेव्हा

तीन किलोच्या आतली बंदूक जड काडतुसाने खांद्याला बोचते, म्हणून हलके काडतूस निवडले जाते. सेकंदाला ४०० मीटर वेग धरल्यास ३२ ग्रॅम छर्‍यांचा संवेग १२.८ येतो, २४ ग्रॅमचा ९.६; म्हणजे पाव हिस्सा कमी. २१ ग्रॅमच्या किंवा मंद वेगाच्या काडतुसात तो आणखी घटतो. वास्तविक, बंदूक हलकी असेल तर ती अधिक वेगाने मागे येते. म्हणजे तिचे हलकेपण हे बिघाडाचे कारण नव्हे. ठोकळा कोणत्या झटक्यासाठी जुळवला आहे, त्यावर सारे अवलंबून असते. साचलेली मळी, घट्ट झालेले तेल आणि खांद्याला सैल टेकवलेला दस्ता यांनीही त्याची हालचाल अपुरी राहते.

नेमबाजीत याचे मोल मोठे आहे. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये छर्‍यांची मर्यादा २४ ग्रॅम आहे आणि एका लक्ष्यासाठी दोन बार मिळतात. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला ज्या डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले, त्यात तर दोन लक्ष्ये एकदमच सुटत.

ओळख आणि दक्षता

बंदूक पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून दोन्ही नळ्यांत सरावाची निर्जीव काडतुसे घालावीत. एकदा चाप ओढून सोडावा आणि पुन्हा ओढावा. लगेच दुसरा खटका ऐकू आला तर चाप यांत्रिक आहे. दस्त्याच्या टोकावर तळहाताने ठोकल्यावरच तो आला तर चाप जडत्वाचा आहे. जडत्वाच्या चापात पहिले काडतूस मुळीच उडाले नाही, तर दुसरी नळीही गप्प राहते. मग निवड-कळ वापरून नळी बदलावी लागते.

प्रत्यक्ष वापरात बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे. काडतूस उशिराने पेटू शकते. आवाज फुसका आला तर बंदूक उघडून रिकामी करावी आणि नळीतून आरपार पाहावे. आत अडकलेल्या बुचावर पुढचा बार काढल्यास नळी फुटू शकते.

काडतुसाचा नवा प्रकार मोठ्या संख्येने घेण्यापूर्वी थोड्यांवर दोन्ही बारांची परीक्षा घ्यावी. साफसफाईनंतरही दुसरा बार चुकत असेल तर किंचित जड काडतूस वापरावे किंवा बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्यावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूकदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. ठोकळा घरी घासून हलका करणे टाळावे. नकळत होणारा दुसरा बार रोखणारा भाग तोच असतो.